वजनाच्या ऑपरेशननंतर लोह का घटतं आणि ते भरून कसं काढायचं

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात सगळ्यांचं लक्ष वजनकाट्यावर असतं. वजन उतरतंय, कपडे सैल होतायत, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कमी होतायत, अशात थोडा थकवा आलाच तर 'खाणं कमी झालंय, एवढं तर होणारच' असं म्हणून आपण तो अंगावर काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कधीतरी रक्त तपासलं जातं आणि हिमोग्लोबिन नऊवर आलेलं दिसतं. लोह मात्र त्याच्या कितीतरी महिने आधीपासून घटत आलेलं असतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून निर्धास्त राहू नका.

हा लेख जठराचा बायपास (हृदयाचा नव्हे), स्लीव्ह किंवा त्यासारखं ऑपरेशन झालेल्यांसाठी आणि लवकरच करून घेणार असलेल्यांसाठी आहे. औषधाची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण गोळी कोणती, ती कधी घ्यायची, रिपोर्टमधला कोणता आकडा बघायचा आणि 'गोळी पुरत नाही' हे कधी ठामपणे सांगायचं, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. दोन तपासण्यांच्या मधले महिने तुमचे तुम्हालाच निभवायचे असतात.

लोहाचा रस्ता कुठे अडतो

खाल्लेलं लोह मुख्यतः जठराला लागून असलेल्या ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या साधारण पहिल्या वीतभर भागात, आणि त्यापुढच्या थोड्या आतड्यात शोषलं जातं. वनस्पतीजन्य पदार्थांतलं लोह ज्या रूपात असतं, ते आतड्याला तसंच्या तसं उचलता येत नाही. जठरातलं आम्ल आधी ते विरघळवतं, मग त्याचं रूप बदलतं आणि त्यानंतर ते आतड्याच्या पेशीत शिरतं.

बायपासमध्ये या साखळीच्या दोन्ही कड्या तुटतात. जठराची जेमतेम २० ते ३० मिलिलिटरची पिशवी उरते, तिच्यात आम्ल नावालाच असतं आणि अन्न ड्युओडेनमला वळसा घालून थेट पुढच्या आतड्यात जातं. स्लीव्हमध्ये रस्ता शाबूत राहतो, पण जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढल्यामुळे आम्ल घटतं. त्यात ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारखी गोळी चालू असली तर उरलंसुरलं आम्लही जातं. ही गोळी ऑपरेशननंतर काही महिने गरजेची असते. पण सांगितलेली मुदत संपल्यावरही ती वर्षानुवर्षं चालू राहिलेली पुष्कळदा दिसते. ती स्वतःहून बंद करू नका, मात्र पुढच्या भेटीत 'ही अजून लागते का?' एवढं नक्की विचारा.

बऱ्याच जणांचं लोह ऑपरेशनच्या आधीपासूनच कमी असतं. लठ्ठपणात शरीरात सौम्य दाह सतत चालू असतो. त्यामुळे यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त प्रमाणात तयार होतं आणि ते आतड्यातून रक्तात जाणारं लोह रोखून धरतं. वजन उतरलं की हेप्सिडिन कमी होतं ही जमेची बाजू, पण तोवर आतड्याची रचनाच बदललेली असते. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, आत्ताच तपासून घ्या आणि साठा भरूनच टेबलावर जा. नंतर तो भरणं कितीतरी जास्त जिकिरीचं होतं.

पाळी येणाऱ्या स्त्रियांना धोका सर्वाधिक. वजन कमी झाल्यावर ज्यांची बंद पडलेली पाळी परत सुरू होते, त्यांच्या बाबतीत लोहाची आवक घटते आणि नेमकी त्याच वेळी जावक वाढते.

शरीर काय सांगतं

थकवा, जिना चढताना लागणारी धाप, धडधड, डोकेदुखी, हातपाय गार पडणं, ओठांच्या कडा फाटणं, नखं ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होणं, ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. दोन लक्षणं मात्र लोक डॉक्टरांना सांगतच नाहीत. पहिलं, बर्फ खायची अनावर ओढ. ग्लासातला बर्फ कडाकडा चावून संपवायचा आणि मग फ्रीजरकडे वळायचं, ही सवय म्हणून हसण्यावारी नेली जाते. वास्तविक लोहाच्या कमतरतेशी तिचं नातं इतकं घट्ट आहे की ती जाणवली तर फेरिटिन तपासलंच पाहिजे. माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हाही त्यातलाच प्रकार. दुसरं लक्षण रात्रीचं: अंथरुणात पडल्यावर पायांत काहीतरी वळवळल्यासारखं होणं आणि पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं.

केस गळण्यावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास बहुतेकांचे केस गळतात. ते झपाट्याने घटलेल्या वजनामुळे असतं आणि पुढे आपोआप थांबतं. वर्ष उलटल्यावरही गळती चालूच असेल किंवा थांबलेली पुन्हा सुरू झाली असेल, तर लोह, प्रथिनं, झिंक आणि थायरॉइड तपासा.

रिपोर्ट वाचायचा कसा

नुसता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुरत नाही. सीबीसी, फेरिटिन, सीरम आयर्न, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता) आणि त्यातून निघणारं ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (त्या क्षमतेपैकी किती भरली आहे) एवढं एकत्र मागा. सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी तपासणी असेल तर उत्तम, कारण दाह किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वर जातं. नमुना सकाळी उपाशीपोटी द्या आणि आदल्या दिवसापासून लोहाची गोळी घेऊ नका, नाहीतर सीरम आयर्नचा आकडा फुगलेला येतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवरचे निकाल त्यांच्यामुळे चुकतात.

समजा, बायपासला दीड वर्ष झालेल्या एका स्त्रीचा रिपोर्ट असा आहे: हिमोग्लोबिन ११.८, एमसीव्ही ८४, आरडीडब्ल्यू १७.५, फेरिटिन ८, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन ९ टक्के, सीआरपी नॉर्मल.

गर्भवती नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते. ११.८ बघून 'थोडंसंच कमी आहे, नीट खात जा' असं सांगून पाठवणारे भेटतात. पुढचे आकडे वाचल्यावर चित्र पालटतं. फेरिटिन म्हणजे साठा, आणि निरोगी प्रौढात ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर साठा संपला असं समजतात. अनेक डॉक्टर तर ३० च्या खालीच कमतरता धरून उपचार सुरू करतात. दाह किंवा संसर्ग असेल तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हीच मर्यादा ७० आहे. आपल्या उदाहरणात फेरिटिन ८ आहे, म्हणजे कोठार रिकामं. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या वर असायला हवं, इथे ते ९ आहे. म्हणजे जे हिमोग्लोबिन दिसतंय ते उद्या टिकेलच असं नाही.

आता एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि हा आकडा ८० च्या खाली जातो. इथे तो ८४ असून नॉर्मल दिसतो. आरडीडब्ल्यू मात्र वाढलेला आहे, म्हणजे पेशींच्या आकारांत बरीच तफावत आहे. लोह कमी पडून लहान झालेल्या आणि बी१२ किंवा फोलेट कमी पडून मोठ्या झालेल्या पेशी एकत्र असल्या की सरासरी नेमकी मधोमध येते. या ऑपरेशननंतर बी१२ ची कमतरताही सर्रास आढळते, त्यामुळे या रिपोर्टवर पुढची तपासणी बी१२ ची.

उलट प्रकारही असतो. एमसीव्ही खूप कमी, पण फेरिटिन चांगलं. अशा वेळी थॅलसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष आहे का ते बघावं लागतं. साठा भरलेला असताना लोह घेत राहणं अपायकारक असतं, म्हणून तपासणीशिवाय मोठ्या मात्रेत लोह सुरू करू नका.

तपासणी ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात, मग पहिलं वर्षभर दर तीन ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा. तीही आयुष्यभर. पाचव्या वर्षी 'आता सगळं स्थिरावलं' म्हणून तपासणी सोडणाऱ्यांचाच पुढे घोटाळा होतो.

रक्त कुठे वाहतंय का, हे आधी बघा

लोह कमी आढळलं की सगळा दोष ऑपरेशनला देऊन मोकळं होण्याकडे डॉक्टरांचाही कल असतो. पण नळ चालू असताना बादली भरत नसेल तर भोक शोधावं लागतं.

बायपासमध्ये जठराची पिशवी आतड्याला जिथे जोडलेली असते, त्या जोडावर अल्सर होऊ शकतो आणि त्यातून रोज थोडं थोडं रक्त जात राहतं. धूम्रपान, हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामकं ही त्याची ठळक कारणं. बायपासनंतर ही वेदनाशामकं टाळायचीच असतात. डोकं किंवा पाठ दुखली तर पॅरासिटामॉलवर भागवा. त्याने भागत नसेल तर दुकानातून दुसरं काही आणण्याऐवजी डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

शौचाचा रंग बघायची सवय लावा. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होतं, म्हणून गोंधळ होतो. गोळीमुळे आलेला रंग हिरवट काळा असतो आणि शौच बांधलेलं असतं. वरच्या आतड्यातून रक्तस्राव होत असेल तर शौच डांबरासारखं चिकट, चकाकतं आणि फार दुर्गंधीयुक्त असतं. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाळी सात दिवसांहून जास्त लांबत असेल, मोठ्या गाठी जात असतील, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं हाच लोहाचा पहिला उपचार. कॉपर-टीसारखी दिसणारी, पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी साधनं गर्भाशयात बसवता येतात आणि त्यांनी रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या संततिप्रतिबंधक गोळ्यांचं शोषण भरवशाचं नसतं, त्यामुळेही ही साधनं जास्त सोयीची.

आणि पुरुष किंवा पाळी थांबलेली स्त्री असेल, तर लोह घटण्याचं कारण ऑपरेशनच आहे असं गृहीत धरू नये. मोठ्या आतड्यातला कर्करोगही पहिल्यांदा अशाच ॲनिमियातून समोर येतो. एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोला, ते टाळाटाळ करत असतील तर पुन्हा बोला.

गोळी: किती, कोणती, कधी

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. डब्यावर छापलेले मिलिग्रॅम बहुधा क्षाराचे, म्हणजे लोह ज्या संयुगात बांधलेलं असतं त्या सगळ्याचे, असतात. तुम्हाला मोजायचं आहे त्यातलं प्रत्यक्ष लोह. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये सुमारे ६५ मिलिग्रॅम लोह असतं, ३०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये जवळपास १०० आणि ३२५ मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ३८. वेष्टनावर 'एलिमेंटल आयर्न' या नावापुढचा आकडा शोधा. तो नसेल तर औषधविक्रेत्याला विचारा.

कमतरता नसतानाची रोजची मात्रा आणि कमतरता भरून काढायची मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बॅरिॲट्रिक सर्जरी या संस्थेच्या शिफारशीनुसार ॲनिमिया नसलेल्या, कमी जोखमीच्या पुरुषाला रोज १८ मिलिग्रॅम लोह पुरतं. पाळी येणाऱ्या स्त्रिया आणि बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांना सगळ्या गोळ्यांतलं मिळून ४५ ते ६० मिलिग्रॅम लागतं. कमतरता सिद्ध झाल्यावर हीच संस्था रोज १५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत जायला सांगते, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. लहान मुलांसाठी असते तशी, चघळायची गोड मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर तिच्या घटकांची यादी वाचा. चव बिघडू नये म्हणून तिच्यात बहुधा लोह नसतंच.

आवरण असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या टाळा. त्या पोटाला सोसतात म्हणून सुचवल्या जातात, पण लोह सोडेपर्यंत शोषणाची जागा मागे पडलेली असते. बायपासनंतर तर त्या बहुतांश वायाच जातात. साधी गोळी, चघळायची गोळी किंवा द्रवरूप औषध बरं. द्रव औषधाने दात काळे पडतात, ते स्ट्रॉने प्या आणि नंतर चूळ भरा.

लोहासोबत व्हिटॅमिन सी घेतलं तर शोषणाला हातभार लागतो. सर्वसाधारण सल्ला फळाच्या रसाबरोबर गोळी घ्यायचा असतो. हा सल्ला बायपास झालेल्यांनी डोळे झाकून पाळू नये. रिकाम्या पोटी गोड रस गेला की डंपिंग होऊ शकतं, म्हणजे घाम, धडधड, पोटात कळा आणि जुलाब. व्हिटॅमिन सीची गोळी आणि पाणी यावर काम भागतं.

लोहाचा खरा वैरी कॅल्शियम, आणि ऑपरेशननंतर कॅल्शियमही रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून घ्यावंच लागतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. चहा-कॉफी तासभर लांब ठेवा. कागदावर दिवस मांडल्याशिवाय हे जमत नाही. एक नमुना बघा:

सकाळी ६.३०: लोह आणि व्हिटॅमिन सी, पाण्याबरोबर.
७.३०: चहा किंवा कॉफी.
८.३०: नाश्ता. दूध-दही इथे चालेल.
१०.३०: कॅल्शियम सायट्रेट, ५०० मिलिग्रॅम.
दुपारी १.३०: जेवण, त्यासोबत मल्टिव्हिटॅमिन.
४.३०: कॅल्शियमची दुसरी मात्रा, मग चहा.
रात्री ८: जेवण.
९.३०: कॅल्शियमची तिसरी मात्रा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर हा तक्ता बदलावा लागतो. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोह तिच्यापासून चार तास दूर ठेवायचं. मग लोह रात्री झोपताना आणि कॅल्शियम दिवसा, अशी अदलाबदल सोयीची पडते. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची अँटिबायोटिक्स सुरू झाली तर लोहाची वेळ त्यांच्यापासूनही लांब ठेवावी लागते.

मळमळ आणि बद्धकोष्ठतेमुळे बरेच जण महिन्याभरात गोळी सोडतात आणि डॉक्टरांना सांगायचा संकोच करतात. सोडण्याआधी मात्रा कमी करून बघा, वेळ रात्रीची करा, क्षार बदलून मागा. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासांत असं आढळलं की लोहाचा मोठा डोस घेतला की हेप्सिडिन साधारण एक दिवस वर राहतं, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. त्या स्त्रियांचं हे ऑपरेशन झालेलं नव्हतं, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लागू होईल असं नाही. पण रोजची गोळी अजिबात सोसत नसेल तर एक दिवसाआडचा पर्याय डॉक्टरांपुढे जरूर मांडा. सोडून दिलेल्या गोळीपेक्षा तो केव्हाही बरा.

ताटातून किती मिळेल

स्पष्ट सांगायचं तर अंगावर आलेली कमतरता ऑपरेशननंतर केवळ आहाराने भरून निघत नाही. छोट्या पिशवीत मावतंच किती! आहाराने साठा टिकवायला मदत होते, एवढंच.

मांस, मासे, यकृत यांतलं हीम लोह वेगळ्या वाटेने शोषलं जातं आणि त्याला आम्लाची तितकी गरज नसते, त्यामुळे खाणाऱ्यांनी त्याला प्राधान्य द्यावं. तंतुमय लाल मांस अनेकांना अडकतं. ते मऊ शिजवून, खिमा करून, बारीक घास घेऊन सावकाश चावून खा. शाकाहारींनी डाळी आणि कडधान्यं भिजवून, मोड आणून खावी. त्याने त्यांतलं लोह बांधून ठेवणारं फायटेट घटतं आणि लोह मोकळं होतं. सोबत लिंबू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीसारखं व्हिटॅमिन सी असलेलं काहीतरी असू द्या. पालकात लोह आहे, पण त्यातलं अंगी लागतं फार थोडं. लाल रंगाचं फळ किंवा कंद खाल्ल्याने रक्त वाढतं हा समज तर रंगापलीकडे जात नाही.

चार आठवड्यांनी हिशेब मांडा

गोळी सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवं. तेवढं वाढलं तर गोळी पोचते आहे. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही आणखी निदान तीन महिने चालू ठेवा, कारण आधी रक्त भरतं आणि मग साठा. इथे गोळी थांबवली तर सहा महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नियमित, योग्य वेळी घेऊनही आकडा हलला नसेल तर मात्रा वाढवत बसू नका. बायपासनंतर आतडं उचलतच नसेल तर दुप्पट गोळीने दुप्पट बद्धकोष्ठता होईल, बाकी काही नाही. हा टप्पा अनेक जण वर्षभर लांबवतात आणि त्या वर्षात उगाच हाल सोसतात. शिरेतून लोह घ्यायची वेळ आली, असं इथे समजायचं.

शिरेतून लोह

हिमोग्लोबिन खूप खाली आलं असेल, गोळी सोसत नसेल किंवा लागू पडत नसेल, रक्तस्राव चालू असेल किंवा गरोदरपणाचे दिवस पुढे गेले असतील, तर हा मार्ग निवडतात. किती लोह लागेल याचा अंदाज करायला डॉक्टर एक जुनं सूत्र वापरतात: वजन, गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट, गुणिले २.४, आणि साठ्यासाठी वर ५००. वजन ७० किलो, हिमोग्लोबिन ९ आणि ध्येय १५ असेल तर ७० × ६ × २.४ म्हणजे १००८, अधिक ५००, म्हणजे साधारण १५०० मिलिग्रॅम. वजन अजून बरंच जास्त असेल तर सूत्रात आदर्श वजन धरतात. हा हिशेब माहीत असावा, कारण २०० मिलिग्रॅमची एक-दोन सलाइनं देऊन 'लोह दिलं' असं म्हटलं जातं आणि तूट तशीच राहते.

आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे वरच्या उदाहरणात सात-आठ फेऱ्या. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज किंवा फेरिक डेरिसोमाल्टोज एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, दोन फेऱ्यांत काम होतं. ते महाग असतं, पण सुट्टी, प्रवास आणि सुया यांचा हिशेब धरला तर फरक वाटतो तेवढा राहत नाही.

देताना चेहरा लाल होणं, छाती आवळल्यासारखं वाटणं, पाठ धरणं असं काहींना होतं. सलाइन थोडा वेळ थांबवलं की बहुधा ते ओसरतं. खरी गंभीर ॲलर्जी दुर्मीळ असली तरी तिच्या उपचाराची सोय आहे अशाच ठिकाणी लोह घ्या आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. सुईच्या जागी जळजळ किंवा सूज जाणवली तर लगेच सांगा. शिरेबाहेर गेलेल्या लोहाचा तपकिरी डाग कातडीवर कायमचा राहू शकतो. अंगात ताप किंवा संसर्ग असताना आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजनंतर काहींच्या रक्तातलं फॉस्फेट घसरतं, आणि व्हिटॅमिन डी आधीच कमी असलेल्या बॅरिॲट्रिक रुग्णांना हा धोका जास्त. त्याची लक्षणं म्हणजे स्नायूंचा अशक्तपणा, हाडं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, जी थेट ॲनिमियासारखीच दिसतात. लोह घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत बरं वाटायच्या ऐवजी जास्तच अशक्त वाटू लागलं तर फॉस्फेट तपासायला सांगा. सलाइन पुन्हा पुन्हा घ्यावी लागणार असेल तर कोणतं लोह निवडायचं, हेही यावरून ठरवता येतं.

हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी तपासा. फेरिटिन मात्र चार ते आठ आठवडे होईपर्यंत तपासू नका, तोवर ते अवाच्या सवा वर दिसतं. काहींना हा उपचार एकदाच पुरतो, काहींना ठरावीक काळाने परत लागतो. परत लागला म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही.

लोह भरूनही रक्त वाढत नसेल तर

बी१२ आणि फोलेट आधी बघतात. ते ठीक असतील तर तांब्याची तपासणी मागा. तांबं कमी असेल तर शरीराला लोह वापरता येत नाही, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात आणि तोल जातो. केसांसाठी महिनोन्महिने झिंकच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे घडतं, कारण जादा झिंक तांब्याचं शोषण अडवतं. म्हणून दर ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं असावं असा दंडक आहे. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर हे प्रमाण बघता येईल.

गरोदरपण, लहान मुलं आणि तातडीची वेळ

ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. त्यानंतर दिवस राहिले तर प्रत्येक तिमाहीत फेरिटिनसह तपासणी करून घ्या, आणि प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत ऑपरेशनचा प्रकार सांगा. गरोदरपणी सर्वांना दिली जाणारी लोहाची गोळी तुम्हाला पुरेलच असं नाही.

घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा. त्या चॉकलेटसारख्या दिसतात आणि मुलांना त्यांची विषबाधा जिवावर बेतू शकते. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न बघता रुग्णालयात न्या.

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, घेरी येऊन पडणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं शौच, यांपैकी काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता थेट आपत्कालीन विभागात जा. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या पोटाची रचना ठाऊक नसते. एक कागद कायम पाकिटात असू द्या. त्यावर ऑपरेशनचं नाव आणि तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, शिरेतून लोह कधी आणि कोणतं घेतलं, चालू गोळ्या, आणि बायपास झाला असेल तर ठळक अक्षरांत: 'आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. नेहमीची एंडोस्कोपी बाजूला पडलेल्या जुन्या जठरापर्यंत पोचत नाही.' या दुसऱ्या वाक्याचा उपयोग असा, की नेहमीच्या एंडोस्कोपीत काहीच सापडलं नाही आणि हिमोग्लोबिन तरीही घसरत राहिलं, तर त्या जुन्या जठरात शोधायची आठवण कोणाला तरी होईल.